आधी कामणदुर्ग, मग पावनखिंड

जून सरत आला की वसई-विरारच्या ट्रेकर मंडळींना पन्हाळा-पावनखिंडीचे वेध लागतात. साधारण ५० किलोमीटरची ही वाट मसाई पठार ओलांडून वाड्यावाड्यांमधून जाते, आणि बहुतेक गट ती दोन दिवसांत चालतात. इथले चढ फारसे अंगावर येत नाहीत. माणसाला खरा दमवतो तो चिखल. रुतवणारी भातखाचरं, फुगलेले ओढे, दाट रानातल्या जळवा, आणि दुसऱ्या दिवशी ओल्या मोज्यांत सोलवटलेल्या टाचा. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा फोडून शिवाजी महाराज याच मुलखातून विशाळगडाकडे निघाले, तेही रात्री, भर पावसात आणि पाठीवर शत्रू घेऊन. बाजीप्रभूंनी खिंड लढवली, हे आपल्याला पाठ असतं. मात्र लढण्याआधी ती माणसं किती चालली होती, हे तिथे गेल्यावर पोटऱ्यांना कळतं. त्यासाठी पाय तयार करायला दूर जायला नको. २००३ साली अभयारण्य झालेलं तुंगारेश्वरचं जंगल आपल्या उशाशी आहे. जवळच्या कामणदुर्गाचा सुमारे २ हजार फुटांचा चढ जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होतो. त्यातला एक फूटही गाडीने वाचत नाही. पूर्ण सामान पाठीवर घेऊन तो करा. दुसऱ्या सकाळी पुन्हा तितकंच चालवलं, तरच पन्हाळ्याचे पैसे भरा. नाहीतर हौस तुमची आणि सॅक सोबत्याच्या पाठीवर, असं व्हायचं.