स्थानकाचा जिना आणि हृदय

घाटकोपर किंवा अंधेरी स्थानकाचा पूल चढताना धाप लागली, की आपण वयाला दोष देतो. अनेकदा कमी पडतो तो सराव. शांत बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फिरवते. जिना चढताना मांड्यांचे स्नायू जास्त प्राणवायू मागतात आणि ठोके वाढतात. रोज चालणाऱ्याचे हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलते. तेच काम कमी ठोक्यांत होते.

लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांना बसून काम करणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होतो, हे डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवून दिले. सरकते जिने ज्येष्ठ आणि आजारी प्रवाशांसाठी हवेतच. धडधाकटांनी मात्र साधा जिना धरावा. सवय हळूहळू वाढवावी. लोकल पकडण्यासाठी अचानक धावणे हा व्यायाम नव्हे. आणि चढताना छातीत दाब जाणवला, दरदरून घाम फुटला किंवा कळ हाताकडे, जबड्याकडे गेली, तर सराव नाही म्हणून सोडून देऊ नये. तिथेच थांबावे, मदत मागावी आणि तातडीने रुग्णालय गाठावे.