आरोग्य विमा : हप्ता भरण्यापूर्वी वाचावयाची पाने



व्यापारी घरातील मुलगा पेढीवर बसू लागला की त्याला पहिली शिकवण मिळते ती वाचण्याची. मालाचे बिल, वजन, वटाव, उधारीची मुदत हे सारे दोनदा पाहिल्याशिवाय सही करावयाची नाही. मेडिक्लेमची पॉलिसी मात्र याच घरात पाकिटासह तिजोरीत जाते आणि रुग्णालयात दाखल होण्याची वेळ आल्यावरच बाहेर येते. तोवर वाचून उपयोग नसतो. मोठ्या आजाराचे बिल जर विम्यातून मिळाले नाही, तर ते पेढीच्या खेळत्या भांडवलातून द्यावे लागते, आणि त्याची झळ पुढील दोन हंगाम जाणवते. म्हणून या लेखात बहुतेक पॉलिसींत आढळणाऱ्या काही प्रमुख अटींचा विचार करू.

प्रस्तावपत्र : सत्याची कसोटी

विम्याचा करार परम सद्भावावर उभा असतो. आपल्या प्रकृतीविषयी आपणास जे ठाऊक आहे, ते कंपनीस ठाऊक नसते. ते सांगणे हे आपले कर्तव्य. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, पूर्वीची शस्त्रक्रिया, नियमित चालू असलेली औषधे हे सर्व प्रस्तावपत्रात लिहिले पाहिजे. प्रत्यक्षात पुष्कळदा एजंट प्रस्तावपत्र भरतो, सर्व प्रश्नांपुढे ‘नाही’ लिहितो आणि आपण खाली सही करतो. उत्तरे कोणीही लिहिली असोत, सहीची जबाबदारी सही करणाऱ्याचीच असते. दाव्याच्या वेळी रुग्णालयातील डॉक्टर ‘मधुमेह किती वर्षांपासून?’ असे विचारतात, रुग्ण सहज ‘दहा वर्षे’ असे सांगतो आणि ते केसपेपरवर नोंदले जाते. पॉलिसी तीन वर्षांची असेल, तर वाद तेथेच सुरू होतो.

आपल्या समाजात याला आणखी एक पदर आहे. मुला-मुलींच्या सोयरिकीत अडथळा येऊ नये म्हणून घरातील आजार झाकण्याची सवय असते, आणि तीच सवय विम्याच्या कागदावर उतरते. नवी सून घरात आली की तिचे नाव पॉलिसीत घातले जाते. परंतु तिला पूर्वी कोणते औषधोपचार झाले हे विचारावयास सासरी संकोच वाटतो, आणि सांगावयास तिला धीर होत नाही. पुढे तिचाच दावा नाकारला गेला, तर मनस्तापही तिच्याच वाट्याला येतो. तिला विश्वासात घेऊन, तिच्याच हाताने तिच्या प्रकृतीची माहिती भरून घेणे, हे घरातील वडीलधाऱ्यांनी करावयाचे काम आहे. सत्याणुव्रताचे पालन पेढीवर जितके आवश्यक, तितकेच या कागदावरही.

सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यानंतर, माहिती दिली नाही या कारणावरून कंपनी दाव्यास आक्षेप घेऊ शकत नाही. अपवाद सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. ‘पाच वर्षे कशीतरी काढू’ असा अर्थ मात्र यातून कोणी काढू नये. आजार पाच वर्षे थांबत नाही, आणि जाणूनबुजून लपवलेली गोष्ट फसवणुकीच्या सदरात जाऊ शकते.

प्रतीक्षा कालावधी

पॉलिसी घेतल्यावर पहिले ३० दिवस, अपघात वगळता, सामान्यतः दावा मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याचे सांधेरोपण यांसारख्या ठरावीक उपचारांसाठी वेगळा प्रतीक्षा कालावधी असतो. पूर्वीपासून असलेल्या आजारांसाठीची प्रतीक्षा नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणली आहे. विमा रक्कम पाच लाखांवरून दहा लाख केली, तर वाढीव पाच लाखांसाठी प्रतीक्षा नव्याने मोजली जाते, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरल्यावर रक्कम वाढविणे त्यामुळे निरुपयोगी ठरते.

कंपनी बदलावयाची असल्यास नूतनीकरणाच्या तारखेपूर्वी पुरेसा अवधी ठेवून पोर्टेबिलिटीचा अर्ज करावा. पूर्वीच्या विमा रकमेपुरता सरलेला प्रतीक्षा कालावधी नव्या कंपनीत धरला जातो. नूतनीकरणास खंड मात्र पडू देऊ नये. वार्षिक हप्त्यासाठी ३० दिवसांची सवलत असते. त्या मुदतीत हप्ता भरला तर जुने लाभ टिकतात, परंतु मधल्या दिवसांत आजार उद्भवल्यास त्याचा दावा मिळत नाही. दिवाळीच्या वा लग्नसराईच्या गर्दीत ही तारीख विसरली जाते. ती पेढीच्या देण्यांच्या यादीतच लिहून ठेवावी.

खोलीच्या भाड्याची मर्यादा

दावा मंजूर होऊनही रक्कम कमी का मिळाली, या तक्रारीच्या मुळाशी बहुधा हीच अट असते. एक उदाहरण घेऊ. विमा रक्कम ५ लाख आणि खोलीच्या भाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दररोज ५,००० रुपये. कुटुंबाने १०,००० रुपयांची स्वतंत्र खोली घेतली. चार दिवसांचे बिल असे : खोली ४०,०००, सर्जन, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह व शुश्रूषा मिळून १,६०,०००, औषधे, तपासण्या व इम्प्लांट मिळून १,००,०००, एकूण ३ लाख.

घरच्यांचा हिशेब असतो की खोलीचे वरचे २०,००० आपण देऊ. कंपनीचा हिशेब निराळा. मर्यादेच्या दुप्पट खोली घेतली म्हणून खोलीशी निगडित खर्चही निम्माच मान्य होतो. खोलीचे २०,०००, सर्जन आदींचे ८०,००० आणि औषधे-तपासण्यांचे पूर्ण १,००,००० मिळून २ लाख. पॉलिसीत दहा टक्के को-पेमेंट असेल, तर हाती १,८०,०००. खोलीची सोय २०,००० रुपयांची वाटली, ती प्रत्यक्षात लाखाच्या घरात गेली.

औषधे, इम्प्लांट व तपासण्या यांवर अशी कपात करता येत नाही; अतिदक्षता विभागाच्या आकारावरही नाही. तसेच ज्या रुग्णालयात खोलीनुसार दर बदलत नाहीत, तेथे ही कपात लागू होत नाही. कपात झाली असल्यास हे मुद्दे तपासून पाहावेत. शक्य असल्यास खोलीच्या भाड्यावर मर्यादा नसलेली पॉलिसी घ्यावी. को-पेमेंट म्हणजे प्रत्येक दाव्यातील आपला ठरलेला वाटा, आणि उपमर्यादा म्हणजे मोतीबिंदूसारख्या एखाद्या उपचारासाठी ठरवलेली कमाल रक्कम. हप्ता कमी दिसला की या दोन रकान्यांकडे प्रथम नजर टाकावी.

एकत्र कुटुंबाचा विचार

फ्लोटर पॉलिसीत सर्वांची रक्कम एकच असते आणि हप्ता सामान्यतः सर्वांत वयस्क व्यक्तीनुसार ठरतो. म्हणून साठीपुढील आई-वडिलांची पॉलिसी स्वतंत्र ठेवणे बहुधा हितावह. हप्ता वाढला म्हणून घरातील वृद्ध स्त्रीचे नाव प्रथम कमी केले जाते. हे अनुचित तर आहेच, हिशेबानेही चुकीचे आहे, कारण तिची सरलेली प्रतीक्षा पुन्हा मिळवता येत नाही. ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करण्यापूर्वी कंपनीस नियामकाशी विचारविनिमय करावा लागतो. सत्तर वर्षांवरील प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळते. त्याचे कार्ड अवश्य काढावे.

समाजाची किंवा व्यापारी संघाची समूह पॉलिसी उपयुक्त असली, तरी तिच्या अटी दरवर्षी बदलू शकतात आणि ती बंदही होऊ शकते. तिच्या जोडीला स्वतःची पॉलिसी असावी. वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला आहे. जुन्या करप्रणालीत स्वतःच्या कुटुंबासाठी २५,००० आणि ज्येष्ठ आई-वडिलांसाठी ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. मात्र हप्ता रोखीने भरल्यास नाही.

दावा नाकारला गेल्यास

नकार लेखी मागावा. कोणत्या अटीनुसार नकार दिला, हे कंपनीने नमूद केलेच पाहिजे. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. शुल्क नाही, वकील लागत नाही, मर्यादा ५० लाखांची आहे. मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जावे लागते. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

नवी पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. सोबत एक ग्राहक माहिती पत्रक येते. त्यात प्रतीक्षा, मर्यादा, को-पेमेंट व वगळलेल्या बाबी थोडक्यात दिलेल्या असतात. मागणी केल्यास ते मराठीतही मिळते. या रविवारी घरातील सर्वांनी एकत्र बसून ते वाचावे, प्रत्येकाची खरी माहिती त्यात आली आहे का ते पाहावे, आणि काही राहिले असल्यास कंपनीस लेखी कळवून पोच घ्यावी. पॉलिसीची एक प्रत आणि कंपनीचा दूरध्वनी क्रमांक घरातील स्त्रियांच्या हाती असावा, कारण दुपारी घरात कोणी आजारी पडले तर पुरुषमंडळी बहुधा पेढीवर असतात.