साडी नव्हे, न भरणारी जखम!

नोव्हेंबर २०२४ मध्ये एक बातमी वर्तमानपत्रांत आली आणि त्याहून जास्त वेगाने मोबाइलवर फिरली. 'साडी नेसल्याने कॅन्सर होतो!' कुणी घाबरलं, कुणी हसण्यावारी नेलं, तर कुणी 'बघा, म्हणूनच आम्ही ड्रेस घालतो' म्हणून मोकळं झालं. चार दिवसांत विषय संपला. पण मैत्रिणींनो, त्या बातमीतली खरी गोष्ट साडीची नव्हतीच.

झालं होतं असं. वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या वैद्यकीय नियतकालिकात दोन स्त्रियांची हकीकत दिली. एक ७० वर्षांच्या आजी. परकराची नाडी घट्ट बांधायची सवय. कमरेच्या उजव्या बाजूला जखम झाली, ती १८ महिने बरी होईना. दुसऱ्या बाई साठी ओलांडलेल्या. ४० वर्षं त्या परकराशिवाय, घट्ट गाठ मारून लुगडं नेसत होत्या. त्यांची जखम दोन वर्षांची. तपासणीत दोघींनाही त्वचेचा कॅन्सर निघाला. दुसरीचा तर तोवर कमरेवरून निघून जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता.

हा आजार साडीचा नाही म्हणण्याचं कारण जुनं आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ मध्येच 'धोतर कॅन्सर'बद्दल लिहून ठेवलंय. म्हणजे पुरुषही सुटले नव्हते. दोष कापडाचा नाही, एकाच जागी वर्षानुवर्षं पडणाऱ्या दाबाचा आहे. नाडी काचते, त्यात घाम, घर्षण. कातडी आधी काळपट किंवा पांढरट होते, खाजते, सोलवटते, भरते, पुन्हा सोलवटते. पेशी सतत दुरुस्तीच्या कामाला जुंपलेल्या राहिल्या की कधीतरी त्यांच्या वाढीवरचा ताबा सुटतो. भाजल्याच्या जुन्या डागावरही हेच होतं. त्याला तर पंचवीस-तीस वर्षंही लागतात. स्टोव्हचा भडका, उकळतं पाणी, कारखान्यातली भट्टी... आपल्या पिंपरी-चिंचवड, चाकणच्या पट्ट्यात असे डाग अंगावर वागवणारी माणसं किती तरी असतील.

या कॅन्सरचं नाव 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा'. त्वचेच्या कॅन्सरमध्ये जगात हा दुसऱ्या क्रमांकाचा. पहिला 'बेसल सेल', तो बहुधा आपली जागा सोडत नाही. हा दुसराही सहसा पसरत नाही. शंभरातल्या दोन ते पाच जणांत पसरतो. पण जुन्या व्रणावर किंवा वर्षानुवर्षं चिघळलेल्या जागी उगवला, तर पसरण्याचं प्रमाण कितीतरी जास्त. जखम दोन सेंटिमीटरहून मोठी झाली, खोल गेली, ओठावर किंवा कानावर असली, की धोका आणखी वाढतो.

पसरायची वाटही ठरलेली. आधी जवळच्या गाठी. कमरेची किंवा पायाची जखम असेल तर जांघेत, हाताची असेल तर काखेत, चेहऱ्याची असेल तर मानेत. पुढे फुप्फुस, यकृत, हाडं. आपल्याकडे जांघेत गाठ आली की 'अवधाण आलंय, जाईल' म्हणतात. साध्या जखमेनेही अवधाण येतं हे खरंच. पण न भरणारी जखम आणि जोडीला कडक, न जाणारी गाठ असेल, तर ते 'जाईल' म्हणून सोडायचं प्रकरण नव्हे. जखम जागच्या जागी असताना काढून टाकली तर शंभरातले नव्वदहून अधिक जण बरे होतात. फुप्फुसापर्यंत गेल्यावर मात्र गोष्ट फार अवघड होते.

म्हणून मला त्या बातमीतले १८ महिने आणि दोन वर्षं हे आकडे साडीपेक्षा महत्त्वाचे वाटतात. इतके दिवस बाई का थांबते? कमरेवरची जखम कुणाला दिसत नाही, आणि आपण दाखवत नाही. परकर सोडून दाखवायचं म्हणजे संकोच. हळद लावायची, मेडिकलवाल्याकडून ट्यूब आणायची, वरून पुन्हा तीच नाडी बांधायची. कंत्राटी कामावर असणारीचा खाडा झाला की पगार कापला जातो. गावाकडून मुलाकडे आलेल्या सासूबाई तर 'उगाच पोरांना खर्च' म्हणून तोंडच उघडत नाहीत.

सरकारी तपासणीतही ही जागा सुटलीय. तिशीनंतरच्या तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीन कॅन्सर पाहतात, आणि ते आवश्यकच आहे. त्वचा मात्र त्या यादीत नाही. महिला दिनाच्या शिबिरात रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन होतं. कंबर कोण बघणार? मग ती आपणच बघायची. 'त्वचेचा कॅन्सर गोऱ्यांना होतो' हेही अर्धंच खरं. सावळा रंग उन्हापासून बराच वाचवतो, पण नाडीच्या काचापासून किंवा भाजल्याच्या व्रणापासून नाही.

करायचं फार अवघड नाही. नाडीऐवजी रुंद पट्टा किंवा इलॅस्टिक लावा, गाठ रोज थोडी वर-खाली बांधा, घरी सैल कपडे वापरा. चार आठवड्यांत न भरलेली, कडा उंचावलेली, सहज रक्त येणारी किंवा वास येणारी जखम डॉक्टरांना दाखवाच. जुन्या डागावर नव्याने फोड आला तरीही. डॉक्टर बायोप्सी म्हणजे छोटा तुकडा काढून तपासायला सांगतील. 'सुरी लागली की कॅन्सर पसरतो' हा आपल्याकडचा पक्का समज आहे, पण तो चुकीचा आहे. पसरतो तो थांबल्यामुळे. पिंपरीत महापालिकेचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय आहे. कामगार विम्याचं कार्ड असेल तर त्यावर कामगाराच्या कुटुंबालाही उपचार मिळतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशन कार्ड आणि आधार जवळ ठेवा.

यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाणाबरोबर एवढा एक विषय काढा. आणि घरी गेल्यावर सासूबाईंना, आईला हळूच, आडोशाला नेऊन विचारा, "कमरेवर काही दुखतंय का हो?" त्या आधी 'काही नाही' म्हणतील. तरी एकदा बघाच.