मेंदी काळी नसते

जुना जालन्यात गांधी चमनच्या आसपास किंवा तेथून आत शिरणाऱ्या कोणत्याही गल्लीत किराणा दुकानासमोर उभे राहिले, तर दोरीला टांगलेल्या पुड्यांच्या माळा दिसतात. शांपू, सुपारी, खोबरेल यांच्या शेजारी एक माळ हमखास 'काळ्या मेंदी'ची असते. पुडीवर हिरवे पान, काळ्याभोर केसांची तरुणी आणि अर्ध्या तासात केस काळे होतील असे अभिवचन. किंमत दहा-पंधरा रुपये. ही पुडी नेणाऱ्या बाईला कोणी विचारले, तर ती ठामपणे सांगते, "डाय नाही लावत बाई, डायने डोळे जातात. मेंदी लावते." या व्यापाराचे सारे भांडवल तिच्या या एका वाक्यात साठवलेले आहे. कारण मेंदी काळी नसते.

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते. ते केसातील प्रथिनाला चिकटते आणि नारिंगी ते तांबूस एवढ्याच पट्ट्यातील रंग देते. पांढऱ्या केसावर तो भगवा उमटतो, काळ्या केसावर उन्हात जाणवेल इतपत तांबूस झाक. मराठवाड्यातील स्त्रिया पिढ्यानपिढ्या लोखंडी कढईत, चहाच्या पाण्यात, आवळकाठी आणि काथ घालून मेंदी रात्रभर भिजवत आल्या, त्यामागे हेच ज्ञान होते. लोखंड आणि आवळ्यातील तुरट द्रव्य यांच्या संयोगाने रंग गडद होतो, तपकिरीकडे झुकतो. पण काळा होत नाही. वनस्पतीच्या बळावर केस काळे करावयाचे, तर मेंदीनंतर निळीच्या पाल्याची पूड वेगळी लावावी लागते. त्या दोन लेपांत सुटीचा दिवस संपतो. तेव्हा जी पूड पाण्यात कालवून अर्ध्या तासात काळा रंग देते, तिच्यातील काम पानाचे नाही. ते काम पॅरा-फेनिलीनडायअमीन, संक्षेपाने पीपीडी, या रसायनाचे आहे, आणि त्याला प्राणवायू पुरवणारे दुसरे रसायन त्याच पुडीत मिसळलेले असते. डायच्या डबीत जे असते तेच येथे आहे. फरक एवढाच की डबीवर 'डाय' लिहिलेले असते आणि ती घेणारा थोडा तरी सावध असतो.

पीपीडीचा दोष असा की ते लावणाऱ्या प्रत्येकाला बाधत नाही, आणि बाधते तेव्हा बहुधा पहिल्या खेपेस बाधत नाही. शरीर त्याला हळूहळू ओळखू लागते आणि मग एके दिवशी बंड करते. टाळू आणि कानाच्या पाळ्या चिघळतात, पापण्या इतक्या सुजतात की डोळे उघडत नाहीत. हे लेप लावताक्षणी होत नाही, एक-दोन दिवसांनी होते. त्यामुळे डॉक्टरकडे गेलेली बाई काल काय खाल्ले ते सांगते, परवा डोक्याला काय लावले ते सांगत नाही. आणि सांगितलेच, तर "मेंदी लावली होती" असे सांगते. मेंदीवर कोण संशय घेणार? एकदा जडलेली ही बाधा सहसा जन्मभराची असते. "दहा वर्षे लावतोय, काही झाले नाही" हे वाक्य म्हणून निर्धास्तपणाचा पुरावा ठरत नाही.

कायदा याविषयी अनभिज्ञ आहे असे नाही. पीपीडीयुक्त केशरंगाच्या आतील आणि बाहेरील दोन्ही वेष्टनांवर इंग्रजीत व स्थानिक भाषांत सावधगिरीची सूचना छापली पाहिजे, असे 1945 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत सांगितले होते आणि 2020 च्या सौंदर्यप्रसाधने नियमांनी ते कायम ठेवले. काही व्यक्तींच्या त्वचेला यापासून दाह होऊ शकतो, म्हणून आधी चाचणी घ्यावी. भुवया व पापण्या रंगवू नयेत, अंधत्व येऊ शकते, असा त्या सूचनेचा आशय. कानामागे किंवा हाताच्या आतील बाजूस थोडा रंग लावून चोवीस तास थांबावे, आणि ही चाचणी प्रत्येक वेळी नव्याने करावी, असेही पुडीतल्या कागदावर असले पाहिजे. वाचकाने आपल्या घरातील पुडी उलटून ही सूचना शोधावी. सापडली, तर ती कोणत्या भाषेत आहे आणि किती टाइपात आहे ते पाहावे. मग चाळिशी ओलांडलेल्या ज्या माणसासाठी हा माल बनतो, त्याला चष्म्याशिवाय ती वाचता येईल काय, याचाही विचार करावा.

या सूचनेला इतिहास आहे. 1933 च्या सुमारास अमेरिकेत 'लॅश लूर' नावाचा पापण्या-भुवयांचा रंग विकला जात होता. त्यात हेच कुळातले रसायन होते आणि त्यापायी स्त्रियांचे डोळे गेले. त्या प्रकरणांनी लोकमत हलले आणि 1938 साली तेथे नवा कायदा झाला. पण डांबरजन्य केशरंगांचे कारखानदार इतके समर्थ होते की त्यांनी आपल्या मालाला त्याच कायद्यातून सूट मिळवली. अट एकच: पुडीवर इशारा छापायचा. इशारा छापला की कारखानदार मोकळा, पुढचे गिऱ्हाइकाने पाहावे. आपल्या नियमांतील सूचनेचे शब्द त्या इशाऱ्याचे जवळजवळ भाषांतर आहे. ज्या तडजोडीत धोका उत्पादकाच्या खात्यातून काढून ग्राहकाच्या खात्यावर टाकला गेला, ती तडजोडच आपण आयात केली. त्यातही तेथील गिऱ्हाईक निदान 'डाय' विकत घेत होते. येथे वस्तूचे नावच बदलले आहे.

या ठिकाणी बाजारपेठेचे कैवारी एक युक्तिवाद पुढे करतात. ग्राहक सार्वभौम आहे, तो स्वस्त आणि झटपट वस्तू निवडतो, त्यात राज्यसंस्थेने नाक खुपसू नये. या युक्तिवादाला उत्तर द्यायला मार्क्सपर्यंत जाण्याची गरज नाही. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी एक निबंध लिहिला; 2001 च्या नोबेल पारितोषिकात त्या निबंधाचा मोठा वाटा होता. त्याचे सांगणे साधे आहे. विकणाऱ्याला मालाचा दर्जा ठाऊक असेल आणि घेणाऱ्याला नसेल, तर घेणारा चांगल्या मालाचीही वाईट मालाइतकीच किंमत द्यायला तयार होतो. मग चांगला माल विकणाऱ्याला परवडत नाही आणि तो बाजारातून निघून जातो. राजस्थानातील सोजतची मेंदी प्रसिद्ध आहे, 2021 साली तिला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. परंतु सोजतची शुद्ध पूड आणि पीपीडी घातलेली पूड दोन्ही 'मेंदी' याच नावाने एकाच दोरीवर टांगल्या गेल्या, तर अर्ध्या तासात काळा रंग देणारी जिंकणार आणि चार तासांत भगवा रंग देणारी हरणार, हे सांगायला नोबेल लागत नाही. जेथे नाव खोटे आहे तेथे निवड नाही, आणि निवड नाही तेथे सार्वभौमत्वाची भाषा ही थट्टा आहे.

जुना जालन्यात या थट्टेला आणखी एक धार आहे. येथील मोहल्ल्यांत पांढरी दाढी मेंदीने रंगवण्याची रीत जुनी आहे. मुस्लिम परंपरेत मेंदीचा रंग प्रशस्त मानला जातो, तर निव्वळ काळा रंग अनेक धर्मशास्त्रवेत्ते अप्रशस्त मानतात. ते मत मान्य करावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण जो वृद्ध श्रद्धेने मेंदी मागतो त्याच्या हाती काळा डाय देणे ही त्याच्या श्रद्धेचीही फसवणूक आहे. तीच गोष्ट श्रावणात नागपंचमीला हातावर मेंदी काढणाऱ्या मुलींची. हातावर लवकर आणि काळी रंगते म्हणून जी पूड किंवा कोन दिला जातो, त्यातील पीपीडी थेट कोवळ्या त्वचेवर बसते. युरोपात केसांच्या रंगात ते दोन टक्क्यांपर्यंत चालते, त्वचेवरील नक्षीत मुळीच चालत नाही.

आता दुसऱ्या बाजूच्या उपदेशकांकडे वळले पाहिजे. हे लोक म्हणतात, निसर्गाकडे चला, रसायने टाका, आजीच्या कढईत मेंदी भिजवा. हा उपदेश बहुधा ज्यांच्या घरी भिजवायला दुसरे कोणी असते त्यांच्याकडून येतो. निसर्ग म्हणजे निरुपद्रवी, हेही खरे नाही. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची जन्मजात उणीव असते, अशा तान्ह्या मुलांना मेंदीच्या लेपाने रक्तपेशी फुटून गंभीर आजार झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. नीळ तर वनस्पतीच होती, आणि चंपारणच्या शेतकऱ्याला तिने काय दिले? 1897 साली जर्मनीत कारखान्यातील नीळ बाजारात आली, नैसर्गिक निळीचा भाव कोसळला, तेव्हा मळेवाल्यांनी निळीच्या सक्तीतून सोडण्याची किंमतसुद्धा कुळांकडूनच वसूल केली. 1917 साली गांधीजी तेथे गेले ते यासाठी. पानाच्या चित्रावर भाबडेपणाने विश्वास ठेवू नये, हे या देशाला ठाऊक असायला हवे होते.

उपदेशकांना न दिसणारा खरा खर्च वेळेचा आणि पाण्याचा आहे. मेंदी रात्री भिजवायची, सकाळी लावायची, दोन-चार तास डोके बांधून बसायचे, मग ती गाळासारखी पूड केसांतून सुटेपर्यंत धूत राहायचे. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला याची किंमत अर्ध्या दिवसाची मजुरी आहे. पुडीची किंमत दहा-पंधरा रुपये. या हिशेबात ती डायकडे वळली तर तिचे अज्ञान दिसत नाही, तिचा हिशेब बरोबर आहे असे दिसते. आणि पाणी? सोळाव्या शतकात जमशेदखानाने गावाच्या पश्चिमेला तलाव बांधून जमिनीखालच्या नळांतून गावात पाणी खेळवले, निजामाच्या राजवटीत घाणेवाडीचा जलाशय झाला. आणि 2012-13 च्या दुष्काळात त्याच जालन्याला टँकरची वाट पाहत दिवस काढावे लागले. पुढे जायकवाडीचे पाणी आले, तरी नळाच्या पाण्यासाठी दिवस मोजण्याची सवय या गावाच्या हाडात मुरली आहे. साठवलेल्या दोन हंड्यांत घर चालवणाऱ्या बाईला, डोके धुण्यासाठी त्यातला एक हंडा रिकामा कर, असे सांगणे सोपे नाही.

त्याहून अवघड प्रश्न कोणी विचारीतच नाही. केस काळे करावेसे वाटतात, की करावे लागतात? हौस म्हणून, लग्नकार्यासाठी कोणी रंगवत असेल, तर तो त्याचा आनंद. परंतु मजूर अड्ड्यावर सकाळी ठेकेदार माणसे उचलतो तेव्हा पांढऱ्या डोक्यावर त्याची नजर थांबत नाही. जालन्याच्या लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांत कंत्राटदारामार्फत जो पन्नाशीचा माणूस भट्टीसमोर उभा राहतो, त्याच्यापाशी वयाचा दाखला म्हणून डोक्यावरचे केस असतात, आणि सेवेची शाश्वती म्हणून काहीही नसते. दुकानात उभी राहणारी विक्रेती आणि दर वर्षी नव्याने नेमणूक मागणारा कंत्राटी शिक्षक यांची गत वेगळी नाही. श्रमाच्या बाजाराने वयाला दंड लावला आहे. तो दंड टाळण्यासाठी मजूर स्वतःच्या टाळूवर रसायन ओततो, आणि त्याचा खर्च, मग तो पुडीचा असो, औषधाचा असो की बुडलेल्या रोजाचा, मालकाच्या ताळेबंदात कोठेही दिसत नाही. जो केशरंग प्रसाधन म्हणून विकला जातो तो पुष्कळांच्या बाबतीत कामाचे हत्यार आहे, आणि हत्याराचा धोका कामगाराने एकट्याने सोसावा हे कोणत्याही न्यायात बसत नाही.

यावर 'अमोनियामुक्त' असे लिहिलेल्या नव्या पुड्यांचा हवाला दिला जातो. अमोनियाने नाकाला झिणझिण्या येतात हे खरे. पण पापण्या सुजवणारे द्रव्य अमोनिया नव्हे. तो वगळला आणि पीपीडी किंवा त्याचे भावंड ठेवले, तर वास गेला, धोका राहिला.

मागणी अवाजवी नाही. ज्या पुडीत पीपीडी किंवा त्याच्या कुळातले द्रव्य आहे, तिच्यावर 'मेंदी' हा शब्द आणि पानाचे चित्र छापण्यास मनाई व्हावी, आणि 'केशरंग: रासायनिक' असे पुढच्या बाजूस मोठ्या अक्षरांत यावे. सूचना मराठीत असावी, आणि मराठवाड्याच्या शहरांत उर्दूतही असावी, कारण 'स्थानिक भाषा' या शब्दांचा अर्थ येथे तोच होतो. अन्न व औषध प्रशासनाने सणाच्या आधी, म्हणजे नागपंचमी, ईद आणि लग्नसराईच्या तोंडावर, सुटी पूड आणि कोन यांचे नमुने उचलावेत. दिवाळीत खव्याचे उचलतात तसे. 2023 साली महानगरपालिका झालेल्या शहराच्या दवाखान्यांत, चेहरा सुजून आलेल्या रुग्णाला 'केसांना काय लावले आणि पुडी कोणती' एवढा एक प्रश्न विचारण्याचे परिपत्रक निघावे. त्याला पैसा लागत नाही. आणि कामगार संघटनांनी वयाच्या दंडाचा विषय वाटाघाटीच्या टेबलावर आणावा. सुरक्षा-साधनांच्या यादीत हातमोजे येतात, तर पन्नाशीच्या माणसाला काढणार नाही हे आश्वासनही आले पाहिजे.

तोवर घरी करण्याजोगे थोडे आहे. शुद्ध मेंदीची पूड हिरवट असते, तिला वाळलेल्या गवताचा वास येतो, आणि ती ओली करून तळहातावर ठेवली तर तासाभराने नारिंगी डाग पडतो, काळा पडत नाही. ज्याला वेळ आणि पाणी आहे आणि तांबूस रंग चालतो, त्याने ती वापरावी. ज्याला काळाच रंग हवा आणि अर्ध्याच तासात हवा, त्याने डाय डाय म्हणूनच घ्यावा, कानामागे लावून एक दिवस थांबावे, हातमोजे घालावेत, भुवयांना लावू नये, आणि एकदा खाज सुटली की पुन्हा त्या वाटेस जाऊ नये. आणि दुकानदाराला विचारावे की ही मेंदी काळी कशी. गांधी चमनपासून आतल्या गल्लीपर्यंत दहा गिऱ्हाइकांनी एकाच आठवड्यात हा प्रश्न विचारला, तर अकरावे गिऱ्हाईक येण्याआधी दुकानदार तो घाऊक व्यापाऱ्याला विचारील.