टाचेचे हाड आणि तीन आठवड्यांची रजा

"टाचेचे हाड वाढले आहे ना? मग काढूनच टाका," असे सांगणारे आपल्या मंडळींत पुष्कळ भेटतात. पुढचे वाक्यही ठरलेले असते: "मुलांना सुट्टी लागली की भारतात जाणारच आहात, तिथेच उरकून या. स्वस्तात होईल." या सल्ल्याचे दोन्ही भाग मला पटत नाहीत. माझ्या उजव्या टाचेची शस्त्रक्रिया इथे मनामातच झाली, म्हणून थोड्या अनुभवाने लिहितो.

मुळात दुखते ते बहुधा हाड नव्हे. टाचेपासून बोटांपर्यंत तळपायाखालून एक जाड पट्टा जातो. तो टाचेला जिथे चिकटतो तिथे झिजतो आणि दुखू लागतो. म्हणून तर सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिले पाऊल जिवावर येते. एक्स-रेमध्ये दिसणारा हाडाचा काटा टाच अजिबात न दुखणाऱ्या अनेकांनाही असतो. आमच्या धंद्यात नवशिक्या माणूस समोर दिसेल तो बग दुरुस्त करतो आणि प्रोग्रॅम पुन्हा बंद पडतो, त्यातलाच हा प्रकार. माझ्या शस्त्रक्रियेत डॉक्टरांनी काटा काढलाच नाही. पट्ट्याचा आतल्या बाजूचा थोडा भाग कापून ताण कमी केला. पट्टा पूर्ण कापला तर तळपायाची कमान खचण्याचा धोका असतो.

दहापैकी सुमारे नऊ जण शस्त्रक्रियेवाचून वर्षभरात बरे होतात. पलंगावरून उतरण्यापूर्वी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायचा, बोटे हाताने नडगीकडे ओढायची, दहा अंक मोजायचे, असे दहा वेळा. दिवसातून तीनदा. जुनाट दुखण्यावर हा व्यायाम पोटरी ताणण्याच्या नेहमीच्या व्यायामापेक्षा सरस ठरल्याचे 2003 साली अमेरिकेतील एका अभ्यासात दिसले. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, पण ते वारंवार घेतल्यास पट्टा तुटू शकतो आणि टाचेची चरबीची गादी विरळ होते. माझ्या मते एकावर थांबावे.

आणि घरात चप्पल घाला! इथल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत, दगडासारख्या टाइल्सवर आपण दिवसभर अनवाणी फिरतो. स्वयंपाकघरात चप्पल आमच्या आईला फोनवरूनही सहन होईना. शेवटी केवळ घरापुरता वेगळा जोड आणला, तेव्हा तिने मान्यता दिली. देवापुढे मात्र अजूनही काढतो.

हे सारे सात-आठ महिने नेटाने करूनही चालणे कठीण असेल, तरच शस्त्रक्रियेचा विचार करावा. मी अकरा महिने थांबलो. मधुमेह असेल तर आधी साखर आटोक्यात हवी, नाहीतर जखम भरायला वेळ लागतो.

आता रजेचा हिशेब. पहिले दोन आठवडे कुबड्या, मग टाके काढणे, मग काही आठवडे बूट. उजवा पाय असल्याने सहा आठवडे गाडी चालवता आली नाही. ब्रेक जोरात दाबता येत नाही तोवर स्टिअरिंगला हात लावू नये. ऑफिसला तिसऱ्या आठवड्यात गेलो, पण संध्याकाळी पाय सुजे. मोकळे चालायला चार महिने लागले. हे तीन आठवड्यांच्या भारतभेटीत कसे बसणार? टाके निघतात न निघतात तोच साडेतीन-चार तासांचा विमानप्रवास, त्यात पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती. पुढे जखम चिघळली, तर कापणारा डॉक्टर पुण्यात आणि पाय मनामात.

शिवाय ती तुमची वार्षिक रजा असते. बहरीनच्या 2012 च्या कामगार कायद्यानुसार तीन महिने नोकरी झालेल्याला वर्षाला 15 दिवस पूर्ण पगारी, 20 दिवस अर्धपगारी आणि 20 दिवस बिनपगारी आजारी रजा मिळते. म्हणजे 35 दिवस घरी बसलात तर 25 दिवसांचा पगार हाती येतो. त्यासाठी दाखला सरकारी आरोग्य केंद्राचा किंवा कंपनीने मान्य केलेल्या दवाखान्याचा लागतो. भारतातली बचत मोजताना बुडणारा पगार वजा करून पाहा. विमा कंपनीकडून दोन गोष्टी शस्त्रक्रियेआधी लेखी घ्या: मंजुरी, आणि नंतरच्या फिजिओथेरपीच्या किती बैठका मिळतील तो आकडा. मला सहा मंजूर झाल्या होत्या, लागल्या चौदा.