दुसरी किल्ली कुणाकडे?

मैत्रिणींनो, कपाटाला कुलूप लावून किल्ली त्यालाच लटकवतो का आपण? मग मोबाईलचंच असं का? वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय असलेल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं २०१६ मध्ये आणलेल्या यूपीआयला दोन कुलपं आहेत: आपलं सिमकार्ड असलेला फोन आणि पिन. पण घरोघरी फोन मुलाच्या हातात, नि पिनही त्यालाच पाठ! गेममधली ‘स्किन’ घेताना ओटीपीही तोच वाचतो. मग दुसरं कुलूप हवं कशाला?

मुलाला मोबाईलमधलं सगळं येतं, याचं कौतुक जरूर करा. पण पिन आपणच टाकायचा. गेमच्या खात्यालाही दुहेरी पडताळणी त्याच्याकडूनच लावून घ्या. ‘फुकट डायमंड देतो, ओटीपी सांग’ म्हणणाऱ्याला तो सांगायचा नाही, हे त्याला बजावा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार आपणच ओटीपी दिला, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच. फसगत झालीच, तर रडत न बसता लगेच बँकेला आणि १९३० ला फोन करा.

‘मला बाई यातलं कळत नाही’ हे पालुपद आता पुरे. घरखर्चाचा हिशेब ठेवणारीला चार आकडे जड नाहीत!