समजून घ्या : कामाच्या ताणावर समुद्रातल्या गळाचा उतारा?

छत्रपती संभाजीनगर : वाळूजमधली शिफ्ट वेळेवर सुटते, पण मोबाइलवरचा ऑफिसचा ग्रुप सुटत नाही. सुट्टीतही 'जरा कॉल घेता का?' असा मेसेज येतोच. या कटकटीतून सुटका म्हणून जगभरात अनेकजण खाऱ्या पाण्यातल्या फ्लाय फिशिंगकडे वळतात. आपल्या शहरापासून समुद्र सव्वातीनशे किलोमीटरहून दूर. पण ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला आणि किनारा थोडा जवळ आला. म्हणूनच हा प्रकार समजून घेऊ.

हा प्रकार नेमका काय?

साध्या गळात शिशाच्या किंवा आमिषाच्या वजनाने दोरी लांब जाते. फ्लाय म्हणजे मात्र पिसे आणि दोऱ्याने मढवलेला हुक. त्याला वजन जवळपास नसतेच. त्यामुळे इथे दोरीच जाड आणि वजनदार असते. ती आधी मागे फेकायची, पूर्ण सरळ होऊ द्यायची आणि मगच पुढे झोकायची. घाई केली तर दोरी पायाशी गोळा होते.

कामाचा विसर का पडतो?

एक हात काठीवर, दुसरा दोरीवर. मोबाइल धरायला हातच उरत नाही. डोळे वारा, लाट आणि पाण्यातली सावली शोधण्यात गुंतलेले. मासा लागला की सवयीने काठी वर उचलली जाते आणि तो निसटतो. दोरी हातानेच सरळ मागे ओढावी लागते. शिवाय भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. कुठल्याही शिफ्टच्या वेळापत्रकात ती बसत नाही. थरार आहे तो इथेच.

आपल्याकडे कुठे?

मोठ्या ट्रेव्हली माशासाठी अंदमान प्रसिद्ध आहे. कोकणात फ्लाय नवा असला तरी गळाने मासे 'गरवणे' जुनेच. खाडीच्या तोंडाशी जिताडा, तांबोशी गळाला लागतात. जवळ म्हणून पैठणचा नाथसागर आठवेल; पण ते पाणी गोडे आणि १९८६ पासून पक्षी अभयारण्य. परवानगीची खात्री केल्याशिवाय तिथे गळ टाकू नये.

काय पाळावे?

• राज्याच्या सागरी हद्दीत दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. हा अनेक माशांच्या प्रजननाचा काळ. कोळी बांधव तर नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करूनच समुद्रात उतरतात. छंदासाठी गेलेल्याने त्याआधी घाई करू नये.
• मासा सोडणार असाल तर बिनकाट्याचा हुक वापरा. हात ओले करूनच त्याला धरा.
• शेवाळलेल्या कातळावर एकटे जाऊ नका. भरतीची वेळ स्थानिकांना विचारा.

मग ताण जातो का?

दोन दिवस जातो. सोमवारी परत येतो. कारण ताण पाण्याच्या अभावाने आलेला नाही, कामाच्या तासांनी आलेला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी आठवड्याला ७० तास कामाचा सल्ला दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. जादा कामासाठी कामगाराच्या लेखी संमतीची अट आहे. पण वरिष्ठांसमोर 'नाही' म्हणणे किती जणांना जमते?

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारे खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडले आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडले. खासगी विधेयकाचा कायदा झाल्याचे शेवटचे उदाहरण मात्र १९७० चे आहे.

म्हणजे समुद्रावर जरूर जा. पण फोन बंद ठेवण्यासाठी सव्वातीनशे किलोमीटर जावे लागत असेल, तर प्रश्न छंदाचा नाही. रोज संध्याकाळी घरीच तो बंद ठेवता यायला हवा.